पेडल दाबायला माणूस

माझ्या हातून आयुष्यात फारशा चुका झालेल्या नाहीत. याचं श्रेय माझ्या हुशारीला देण्याची गरज नाही. मी सहसा काही करतच नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात मी सव्वीस वर्षं एकाच खुर्चीत बसतो आहे. माणसं येतात, टेबलावर हात आपटतात, नळाला चार दिवस थेंब नाही म्हणून माझ्या सात पिढ्यांची विचारपूस करतात. मी सगळं ऐकून घेतो आणि शांतपणे म्हणतो, "लेखी द्या." निम्मी माणसं तिथेच गळतात. उरलेली लेखी देतात आणि त्यांच्या अर्जावर मी आवक क्रमांक घालतो. ज्याला क्रमांक नाही ते घडलेलंच नाही, असं मी मानत आलो.

अशा माणसाला एका लाल स्पोर्ट्स कारमध्ये कोणतं ब्रेक ऑइल घालावं हा प्रश्न पडायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण पडला, आणि त्या प्रश्नाने माझी अब्रू, एक हातरुमाल आणि एक नवा कोरा शर्ट घालवला. हे नुकसान मी मुद्दाम चढत्या क्रमाने सांगितलेलं नाही. सगळ्यात मोठं नुकसान माझं नव्हतंच, ते पुढे येईल.

गाडी दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, धंद्याने वजनकाटे दुरुस्त करणारा. एका बंद पडलेल्या कारखान्याचा मोठा काटा खोलायला गेला होता, तो येताना टेम्पोत ही गाडी घालून आला. आवारातल्या गवतात रुतून पडली होती म्हणे. दोनच सीट, छप्पर कापडी, आणि जमिनीला इतकी लागून की आत बसायचं म्हणजे अंगाची घडी घालावी लागते. वहिनींनी तिच्याकडे बघून विचारलं होतं, "ही आपल्याला नेणार की आपण हिला?" त्यावर दादा म्हणाला, "ही उभी राहिली की पहिली फेरी तुझी. वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत नेतो आणि आणतो."

याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांत गाडी एकूण अकरा फूट चालली. घराजवळच्या शेडच्या मागच्या भिंतीपासून दारापर्यंत, तीही ढकलत. दादाला घाई नव्हती. रंगाचे सात हात त्याने स्वतः दिले आणि प्रत्येक हात वाळल्यावर आठवडा आठवडा घासत बसला. गेल्या वर्षी इंजिन सुरू झालं तेव्हा त्याने मला फोनवर त्याचा आवाज ऐकवला होता. मी म्हणालो, "छान, छान." मग सगळं झालं, फक्त ब्रेक राहिले.

ब्रेकचं असं असतं, की जुनं तेल काढून नवं भरलं की नळ्यांत हवा राहते, आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं होऊन नळीवरची एक बारकी चावी उघडायची आणि मिटायची. एकट्याने ते होत नाही. हे मला आता माहीत आहे.

तेव्हा सोमवार होता. मी कार्यालयात होतो, समोर अर्जांचा ढीग होता आणि दादाचा फोन आला.

"अरे, उद्या संध्याकाळी ये ना. पेडल दाबायला माणूस हवा. तुझ्या वहिनीचा गुडघा धरलाय."

"उद्या कसं जमेल दादा? रविवारी बघू."

"बरं, रविवारी. मी तोवर जुनं सगळं काढून ठेवतो. तू येताना तेल घेऊन ये. कोणतं ते नीट लिहून घे हं, भलतं आणलंस तर आतली सगळी रबरं जातील."

"सांग, लिहितोय."

दादाने सांगितलं. मी लिहीत नव्हतो. मी एका अर्जावर 'अर्जदाराची सही नाही, परत' असा शेरा मारत होतो.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

बुधवारी सकाळी वहिनी चहा घेऊन गेल्या, तर दादा उठलाच नाही.

सव्वीस वर्षं जगाला 'लेखी द्या' म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या भावाचं शेवटचं बोलणं लिहून घेतलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं. गंमत सांगायला बसलो आहे म्हणून ते लपवत नाही.

दोन महिन्यांनी सोसायटीची नोटीस आली. शेड पाडायची होती. गाडी ठेवायला जागा नाही म्हटल्यावर वहिनींनी ती एका दंतवैद्याला द्यायचं कबूल केलं. त्याला जुन्या गाड्यांचा नाद होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी बाराला तो टेम्पो घेऊन येणार असं ठरलं. सगळं ठरल्यावर मी निघालो, तेव्हा वहिनी दारापर्यंत आल्या.

"भाऊजी, ते गाडी न्यायला येतील त्याआधी मला एकदा टाकीपर्यंत नेऊन आणाल?"

वहिनींनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी "हो" म्हणून गेलो. माझ्या गाडी चालवण्याबद्दल एवढंच सांगतो की मला सायकलवाले मागे टाकतात, आणि काही तर जाता जाता दिलगिरीही व्यक्त करतात. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही? टाकीच्या उतारावर? ब्रेक नसलेल्या गाडीतून?" मी म्हणालो, ब्रेक आहेत, फक्त तेल भरायचंय. ती म्हणाली, "मग भरा की."

इतक्या सोप्या वाक्यावरून मी दुसऱ्या दिवशी स्पेअरपार्टच्या दुकानात गेलो.

"ब्रेक ऑइल द्या."

"कोणतं? तीन, चार, पाच की पाच पॉइंट एक?"

"स्पोर्ट्स कारसाठी हवंय."

दुकानदाराने मला चपलांपासून चष्म्यापर्यंत एकदा पाहून घेतलं. मी म्हणालो, "तुमच्याकडचं चांगल्यातलं द्या." आमच्या घरात प्रश्न समजला नाही की आम्ही चांगल्यातलं मागतो; पंख्यापासून चष्म्याच्या काचेपर्यंत हे धोरण यशस्वी झालेलं आहे. इथे झालं नाही.

"आधी आत कोणतं होतं?"

"ते माहीत नाही."

"मग काहीच देता येत नाही," दुकानदार म्हणाला. "हे बघा साहेब. तीन, चार आणि पाच पॉइंट एक ही एका घरातली. पाच वेगळ्या घरातला, सिलिकॉनचा. आत ज्या घराचं होतं त्याच घराचं भरायचं. दोन्ही घरं आत भेटली की ब्रेक लागला तर लागला."

"म्हणजे पाच पॉइंट एक हा पाचचा कोणी नाही?"

"कोणी नाही."

"मग त्याचं नाव का लावतो?"

"ते मी नाही ठेवलं," दुकानदार म्हणाला. मागे रांगेत चौघे उभे होते. त्यातला एक म्हणाला तीन घाला, त्याच्या मामाने घातलं होतं. दुसरा म्हणाला काहीही घाला, हल्ली सगळं एकाच टाकीतून येतं. तिसऱ्याने मामांची गाडी आता कुठे असते असं विचारलं, त्यावर पहिला खिशात सुटे पैसे शोधू लागला. मी रिकाम्या हाताने बाहेर पडलो.

बॉनेटखाली ब्रेकचं तेल भरायची जी बाटली असते तिच्या झाकणावर लिहिलेलं असतं, असं मला नंतर अनेकांनी सांगितलं. दादाच्या गाडीतली बाटली एका भंगारातल्या टेम्पोची होती आणि तिचं झाकण तिसऱ्याच कशाचं तरी. त्यावर 'गरम असताना उघडू नये' असं लिहिलं होतं. शेडच्या भिंतीवर पेन्सिलीने दादाने मापं लिहिली होती, कुठला बोल्ट कुठे जातो ते लिहिलं होतं, एका कोपऱ्यात माझा कार्यालयाचा फोन नंबरही होता. तेलाचं काही नव्हतं. ते त्याने मला सांगितलं होतं.

आता डेपोकाकांबद्दल. हे दादाचे शेजारी. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आणि शेडमध्ये कोणाचंही पाऊल वाजलं की दोन मिनिटांत हजर. ब्रेक हा प्रकारच त्यांना मान्य नाही. "गाडी गिअरवर थांबते," ते म्हणतात. "ब्रेक पॅसेंजरच्या समाधानासाठी असतो." काकांना आणखी एक सवय आहे. हाताला तेल लागलं की जवळचं कुठलंही कापड त्यांना फडकं वाटतं. दादाच्या शेडला एकेकाळी पडदा होता.

काकांनीच मला नाक्यावरच्या मिस्त्रीकडे नेलं. हा मिस्त्री दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलत असावा. त्याने माझं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाटलीच्या तळाशी थोडं जुनं तेल असेल. ते आणा. पेलाभर पाण्यात टाकतो. मिसळलं तर चारचं घर. वेगळं राहिलं तर पाच."

"एवढंच?"

"एवढंच."

खरं सांगायचं तर मी थोडा नाराज झालो. इतक्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर एका पेल्यात निघावं, हे मला माझ्या धावपळीचा अपमान वाटला. तरी औषधाच्या दुकानातून एक सिरिंज आणली, बॉनेट उघडलं आणि बाटलीत वाकून पाहिलं. तळाशी खरोखर चमचाभर तेल होतं. दादाच्या हातून राहिलेलं. काका टॉर्च धरून उभे होते. मी श्वास रोखून शेवटच्या थेंबापर्यंत तेल सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि ती विजयाने वर धरली. "शाब्बास, धाकटे!" म्हणून काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

थाप एकतीस वर्षं बसचं स्टिअरिंग फिरवलेल्या हाताची होती. सिरिंज पूर्ण दाबली गेली आणि सगळं तेल पुढच्या चाकावरच्या लाल पत्र्यावर सांडलं. मी काही म्हणायच्या आत काकांनी माझ्या खिशातला हातरुमाल ओढला आणि ते तेल पत्र्यावर खसाखसा चोळलं. मग रुमाल गटारात टाकला. "झालं स्वच्छ," ते म्हणाले.

दहा मिनिटांनी त्या जागेवर दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. मी बोट लावलं तर रंग बोटाबरोबर आला. तळहाताएवढा पत्रा उघडा पडला. दादाचे सात हात, प्रत्येकानंतरचा घासायचा आठवडा, सगळं माझ्या बोटाच्या टोकावर चिकटलं होतं. मी ते बोट कितीतरी वेळ तसंच धरून उभा होतो. काकांनी आधी शेडच्या दाराकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे कोणाला सांगायचं नाही."

मी सांगितलं नाही. गाडीवर कव्हर ओढलं, चारही कोपरे बांधले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला म्हणालो, "बाटली कोरडी होती." कार्यालयात मी कधी खोटं बोलत नाही, तिथे तशी वेळच येत नाही. इथे मात्र नुसत्या लाजेपोटी बोललो. एका सिरिंजने गाडीचा रंग घालवला हे त्या अबोल माणसासमोर माझ्या तोंडून निघेना. मिस्त्रीने खांदे उडवले. "मग सगळी रबरं नवी घालायची. सामान यायला दीड महिना." माझ्याकडे तीन आठवडे होते.

म्हणून मी गाडी बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका गोड आवाजाच्या मुलीने गाडीचा नंबर विचारला, चासी नंबर विचारला, मग म्हणाली, "वाहनाचे मालक स्वतः बोलताहेत का सर?"

"नाही, मी त्यांचा भाऊ."

"सॉरी सर, वाहनाची तांत्रिक माहिती फक्त मालकांनाच देता येते. मालक कधी उपलब्ध असतील?"

"ते वारले."

"ओके सर," ती म्हणाली. बटणं दाबल्याचा आवाज आला. "मग त्यांच्याकडून एक लेखी संमतिपत्र मिळेल का?"

ती दोनदा "हॅलो सर" म्हणाली आणि फोन बंद झाला. मला तिचा राग आला नाही. माझ्या खुर्चीत बसून मीही हेच विचारलं असतं. मागे एकदा एका बाईंनी नवऱ्याच्या नावावरचा नळ स्वतःच्या नावावर करायला अर्ज दिला होता. तो मी 'मूळ ग्राहकाची सही आणावी' म्हणून परत केला होता. मला तो शेरा अक्षरन् अक्षर आठवला.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी मी हार मानून वहिनींकडे गेलो. त्या खाटेवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"वहिनी, उद्याचं जमत नाही."

त्यांचे हात थांबले. "का?"

"ब्रेकमध्ये तेल भरायचंय. दादा कोणतं वापरायचा तेच कळत नाही. सगळ्यांना विचारून झालं."

"चार नंबर," वहिनी म्हणाल्या.

मी चष्मा पुन्हा काढला.

"चार नंबर वापरायचे. बारा वर्षं त्यांचे शर्ट मी धुतेय, भाऊजी. ग्रीसचा डाग घासून हात दुखले तरी निघत नाही. ब्रेकच्या तेलाचा साध्या पाण्यात निघतो. पाच नंबरचा डाग असा निघत नाही म्हणायचे. एकाने तो डबा दिला होता, तो त्यांनी तसाच परत केला." त्यांनी हातातली घडी बाजूला ठेवली. "आणि इतकी वर्षं खोलाखोल झाली की पेडल कोण दाबत होतं? मला का नाही विचारलंत?"

मी दुकानदाराला विचारलं, रांगेतल्या चौघांना विचारलं, बसवाल्याला, मिस्त्रीला, कंपनीला विचारलं. ज्या घरात ती गाडी बारा वर्षं होती त्या घरात विचारावं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्याकडे गाडीचं बायकांना विचारत नाहीत. का, ते मला सांगता येणार नाही, कुठे लिहिलेलं नाही.

इथे कुठल्याही शहाण्या माणसाने हात जोडले असते आणि दुकान बंद व्हायच्या आत चार नंबरचा डबा आणला असता. मी काय म्हणालो ते सांगायला मला आजही जड जातं.

"पण नक्की ना वहिनी? म्हणजे कुठे लिहून वगैरे ठेवलंय का त्याने?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, तोंडाशी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी गाठ सोडली आणि फिकट निळा शर्ट बाहेर काढला. उजव्या बाहीच्या टोकाला मोठा काळपट डाग होता.

"या," त्या म्हणाल्या.

न्हाणीघरात त्यांनी तांब्यात पाणी घेतलं, बाहीचं टोक त्यात बुडवलं आणि अंगठ्याने दोनदा चोळलं. साबण नाही, काही नाही. पाणी काळसर झालं आणि बाही स्वच्छ झाली.

"झाली खात्री?"

"झाली," मी म्हणालो, आणि मला बरंसुद्धा वाटलं. मग वहिनींनी ओली बाही दुसऱ्या कोरड्या बाहीवर धरून पाहिली. "आता अर्धा ओला काय ठेवायचा," असं म्हणून त्यांनी अख्खा शर्ट बादलीत सोडला.

बाहेर येताना खाटेवरची रिकामी पिशवी मला दिसली. दोरा नीट गुंडाळून तिच्यावर ठेवलेला होता. धुवायच्या कपड्यांची पिशवी कोणी कपाटात दोऱ्याने बांधून ठेवत नाही, हे माझ्या ध्यानात यायला एवढा वेळ लागला.

"वहिनी, तो शर्ट—"

"मंगळवारचा," त्या म्हणाल्या. "तेल काढून आले, खुंटीला लावला आणि झोपले. राहिला होता तसाच. जा आता, दुकान बंद होईल."

रविवारी सकाळी आठला चार नंबरचा डबा घेऊन मी शेडमध्ये हजर झालो. बायकोने मुद्दाम नवा शर्ट घालायला लावला होता, वहिनींची पहिली फेरी म्हणून. वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आत गेल्या आणि तो निळा शर्ट घेऊन आल्या. वाळला होता, इस्त्री केलेली होती.

"तुम्हाला खाली झोपायचंय. हा घाला, तुमचा नवा आहे."

"नको वहिनी, हा नको."

"शर्ट आहे, भाऊजी. घाला."

मी माझा शर्ट शेडच्या दाराच्या खिळ्याला लावला आणि दादाचा घातला. खांद्यात मोठा होत होता. साबणाचा वास येत होता, बाकी कसलाच नाही. डेपोकाका तोवर आलेच होते. तिघांनी मिळून कव्हर काढलं.

वहिनींचं लक्ष थेट त्या उघड्या पत्र्याकडे गेलं.

"हे काय?"

"तेल सांडलं."

"कधी?"

"तीन आठवडे झाले." काका छताचे पत्रे मोजू लागले.

"कुठलं तेल?"

"बाटलीतलं. दादाचं जुनं."

वहिनींनी त्या जागेवर हात ठेवला. हात बरोबर मावला. "रंग खातं हे तेल," त्या हळूच म्हणाल्या. "मला म्हणायचे, पदर लांब धर. चार नंबर रंगाचा वैरी आहे, पाच रंगाला काही करत नाही."

मला कळलं ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. उत्तर तीन आठवडे गाडीवर होतं, तळहाताएवढं, आणि मी ते लाजेपोटी कव्हरखाली बांधून ठेवलं होतं. मिस्त्रीला खरं सांगितलं असतं तर त्याने एका वाक्यात निकाल दिला असता. तो शर्ट पाण्यात जायला नको होता. वहिनी मला काहीही बोलू शकल्या असत्या; त्यांनी बोलावं म्हणून मी वाट पाहत उभा होतो.

"चला," त्या म्हणाल्या, "बाराला यायचेत ते."

त्या अंगाची घडी घालून आत बसल्या आणि मी मागच्या चाकापाशी आडवा झालो. काय करायचं ते वहिनींनीच आतून सांगितलं. मी म्हणायचं "दाबा". त्या पेडल दाबून म्हणायच्या "धरलंय". मग मी चावी उघडायची, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, चावी मिटायची आणि म्हणायचं "सोडा".

"दाबा."

"धरलंय."

"सोडा."

एकेका चाकाला पंधरा पंधरा वेळा. गुडघा दुखत असणार, पण आवाजात काही नव्हतं. तिसऱ्या चाकापाशी मला वाटलं, दादाने बारा वर्षं इथेच पडून हा आवाज ऐकला. त्या मंगळवारी त्याला एवढंच हवं होतं, पेडलवर एक पाय. तोही मी दिला नाही. मी तिथे रडलो. गाडीखाली रडायला सोयीची जागा असते. कोणी पाहिलं तर तेलावर ढकलता येतं. काका चाकांखाली गळलेलं तेल पुसत होते.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "आता दगडासारखं लागतंय." अकरा वाजून गेले होते. मी चालवायच्या जागेवर बसलो, त्या शेजारी सरकल्या. गाडी सुरू झाली तेव्हा आवाजाने गल्लीतली खिडकी न् खिडकी उघडली. काका ओरडले, "गिअरवर ठेवा, धाकटे!"

टाकीचा रस्ता चढाचा, वळणावळणांचा. मी पूर्ण रस्ता दुसऱ्या गिअरवर गेलो आणि एका सायकलवाल्याला मागे टाकलं. टाकी आमच्याच खात्याची आहे. सव्वीस वर्षं मी ती कागदावर पाहत आलो होतो, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहिली. बरीच गळत होती.

वहिनी उतरल्या नाहीत. पुन्हा बसायला वेळ लागेल म्हणाल्या. छप्पर मागे टाकलेलं होतं, वारा होता, खाली घरं दिसत होती. त्यांनी समोरच्या लाकडी पट्टीवरून बोट फिरवलं, दाराच्या कडीवरून फिरवलं.

"बरी झालीये," त्या म्हणाल्या. "चला."

उताराच्या पहिल्या वळणावर गाडीने वेग घेतला. मी ब्रेक दाबला. त्याच वेळी शेजारी वहिनींचाही पाय दाबला गेला, जिथे पेडल नव्हतं तिथे, नुसत्या पत्र्यावर. गाडी शहाण्यासारखी हळू झाली.

"धरलंय," वहिनी म्हणाल्या.

माझ्याशी बोलत नव्हत्या. खाली सात वळणं आहेत. सातही वळणांना त्यांनी पाय दाबला आणि सातही वेळा तेच म्हणाल्या. मी मान वळवून पाहिलं नाही.

बाराच्या ठोक्याला दंतवैद्य आला. उघड्या पत्र्यापाशी थांबला, चष्मा कपाळावर घेतला, किडलेली दाढ पाहावी तसा पाहत राहिला आणि म्हणाला, सगळीच नव्याने रंगवून घेईन. वहिनी म्हणाल्या, "तुमची आहे आता." टेम्पो गल्लीच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिघे उभे होतो. शेडमध्ये जमिनीवर गाडीच्या आकाराची एक स्वच्छ जागा राहिली.

मी कपडे बदलायला दाराकडे गेलो. खिळा रिकामा होता. माझा नवा शर्ट काकांच्या हातात होता, काळा, ओला, पिळलेला.

"हा तुमचा होय?" काका म्हणाले. "मला फडकं वाटलं."

मी वहिनींना म्हणालो, "आज याच शर्टावर जातो. उद्या धुऊन आणून देतो."

"नको," वहिनी म्हणाल्या. "द्या."

"अहो, खराब झालाय. बाही बघा, सगळं तेल—"

"बघितली. तसाच द्या."

मी शर्ट काढून दिला. उजव्या बाहीला मोठा काळपट डाग होता, जवळजवळ पूर्वीच्याच जागी. वहिनींनी बाही आत जाईल अशी घडी घातली. घराच्या उघड्या दारातून खाटेवर ती पिशवी आणि दोरा कालपासून तसाच दिसत होता.

वर्तमानपत्र उचलायलाही मी कधी शर्टाशिवाय दाराबाहेर आलेलो नाही. त्या दिवशी भर दुपारी अख्खी गल्ली मी बनियनवर चालत गेलो. दोन तक्रारदारांनी मला ओळखलं, एकाने नमस्कार केला. दार उघडून बायको म्हणाली, "अगं बाई! शर्ट कुठाय?"

मी सांगायला तोंड उघडलं. दोनदा उघडलं. तिने मला खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं आणि थांबून राहिली. तोंडी सांगायला काही जमेना, तेव्हा मी तिच्याकडे कागद मागितला.